वडिलांची जीभ मोठी होत चालली आहे, शस्त्रक्रिया करावी का?

तुम्ही सांगितलेली हकिकत आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते स्पष्ट राहील. वडिलांचे वय ६१. गेल्या सात-आठ महिन्यांपासून जीभ तोंडात मावत नाही असे ते म्हणतात. कडांवर दातांचे ठसे दिसतात, जेवताना जीभ सारखी चावली जाते, बोलणे जरा जड झाले आहे आणि घोरणे इतके वाढले आहे की आई दुसऱ्या खोलीत झोपते. रक्तदाबाची गोळी बरीच वर्षे चालू आहे. दोन वर्षांपूर्वी खालच्या दाढा काढल्या. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या तीन महिने घेऊन काडीचा फरक नाही. शिवाय दोन्ही हातांना रात्री मुंग्या येतात म्हणून मनगटाची शस्त्रक्रिया सुचवली आहे आणि ती पुढच्या महिन्यात व्हायची आहे. तुम्ही विचारता, जीभ कापून लहान करता येते का आणि त्यासाठी कुणाकडे जावे?

करता येते. मी कान-नाक-घसा शल्यचिकित्सक आहे, ती शस्त्रक्रिया कशी होते तेही पुढे सांगते. पण तुमच्या वडिलांच्या बाबतीत तो आजचा प्रश्न नाही. वय झाले म्हणून कुणाची जीभ वाढत नाही. ती काही महिन्यांत वाढली असेल तर तिच्यात काहीतरी साठते आहे, किंवा एखादी ग्रंथी बिघडली आहे, किंवा जीभ होती तेवढीच आहे आणि तिच्या आजूबाजूची जागा बदलली आहे. यातले नेमके काय, हे कळण्याआधी जिभेला सुरी लावली तर मूळ दुखणे तसेच राहते आणि निदान आणखी लांबते. ज्या कारणांचा विचार करायला हवा त्यातल्या एका आजारात ही दिरंगाई हृदयाला आणि मूत्रपिंडांना भोवते, म्हणून मी हे इतके ठासून सांगते आहे.

मी वडिलांना तपासलेले नाही, हे लक्षात असू द्या. जीभ मऊ आहे की टणक, दोन्ही बाजूंनी सारखी वाढली आहे की एकाच बाजूने, हे बोट लावून पाहिल्याशिवाय कळत नाही आणि अर्धे निदान तिथेच होते. त्यामुळे शक्यता कोणत्या आणि त्या कोणत्या क्रमाने तपासायच्या, एवढ्यापुरतेच माझे उत्तर धरा.

आधी जीभ खरोखर वाढली आहे का ते पाहू. त्यासाठी जीभ बाहेर काढायला लावू नका, बाहेर काढलेली जीभ कुणाचीही मोठीच दिसते. दिवसाच्या उजेडात वडिलांना खुर्चीवर बसवा, तोंड अर्धवट उघडायला सांगा आणि जीभ खाली सैल सोडायला सांगा. अशी सैल सोडलेली निरोगी जीभ खालच्या दातांच्या कमानीच्या आत बसते. वडिलांची जीभ दातांवर चढते का, दातांमधून पुढे येते का, ओठ मिटताना तिला आत ओढून घ्यावे लागते का, हे बघा. मोबाईलवर समोरून आणि दोन्ही कडांचे फोटो काढून ठेवा. पुढे औषध सुरू झाल्यावर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढलेत तर फरक पडतो आहे की नाही याचा वाद राहत नाही.

कडांवरच्या ठशांबद्दल बरेच जण घाबरतात. झोपेत दात करकरणाऱ्या किंवा जीभ दातांवर दाबून धरण्याची सवय असलेल्या माणसांच्या कडांवरही तसेच ठसे असतात. नुसत्या ठशांवरून मी कुणालाही जीभ वाढली आहे असे सांगत नाही.

दाढांचाही इथे संबंध आहे. खालच्या दाढा गेल्या की रिकाम्या जागेत जीभ आडवी पसरते. बराच काळ कवळी लावली नाही तर नंतर केलेली कवळी जीभ बसू देत नाही आणि जीभ मोठी झाली असे वाटते. जबडा मुळात लहान किंवा मागे असेल, किंवा वजन बरेच वाढले असेल तरी जिभेला जागा कमी पडते. वजनाबरोबर जिभेच्या मुळाशीही चरबी साठते, हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. तेव्हा वडिलांच्या त्रासाचा काही भाग दाढांमुळे असू शकेल. पण दाढा जाऊन दोन वर्षे झाली आणि त्रास आहे सात-आठ महिन्यांचा. जीभ चावली जाते, बोलणे बदलले, घोरणे वाढले. हे सगळे दाढांच्या माथी मारणे मला पटत नाही.

तुमच्या हकिकतीत मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती ओळ हातांच्या मुंग्यांची. तुम्ही ती शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मनगटात हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधून बोटांकडे जाणारी नस एका अरुंद बोगद्यातून जाते. बोगद्यातल्या ऊती फुगल्या की नस दबते, अंगठ्यापासून अनामिकेपर्यंत मुंग्या येतात, रात्री जाग येते आणि हात झटकला की बरे वाटते. याला कार्पल टनेल म्हणतात. हा त्रास असणारे असंख्य लोक आहेत आणि बहुतेकांच्या जिभेला काहीही झालेले नसते. पण जीभ वाढणे आणि दोन्ही मनगटांत नस दबणे हे एकाच माणसात, एकाच सुमारास दिसले की माझ्या डोळ्यांपुढे तीन आजार येतात: थायरॉईड मंदावणे, ॲक्रोमेगली आणि अमायलॉइडोसिस. तिन्हींत अंगातल्या मऊ ऊती फुगतात, म्हणून जीभ आणि मनगट दोन्हीकडे जागा अपुरी पडते. आणि तिन्हींचा शोध रक्ताच्या तपासणीने सुरू करता येतो.

थायरॉईड या तिघांत सगळ्यांत जास्त आढळणारा आणि औषधाने सगळ्यांत चांगला आटोक्यात येणारा. ग्रंथी बराच काळ मंद चालली की त्वचेत आणि जिभेत पाणी धरून ठेवणारे घटक साठतात. माणूस थकलेला असतो, थंडी सोसत नाही, पोट साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, आवाज घोगरा होतो, पापण्या सुजट दिसतात. टीएसएच (ग्रंथी मंदावली की हा वाढतो) आणि फ्री टी-४ (ग्रंथीचे स्वतःचे संप्रेरक, ते कमी होते) या रक्ताच्या दोन तपासण्या पुरतात. निदान झाले तर थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यायची. लोह किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्यांच्यात चार तासांचे अंतर हवे. साठीच्या पुढे, आणि हृदयाचे दुखणे असेल तर विशेष करून, गोळी लहान मात्रेने सुरू करतात आणि सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा टीएसएच पाहून वाढवतात. जीभ आठवड्या-महिन्यांच्या हिशोबाने ओसरते, घाई करून उपयोग नसतो.

इथे दोन बाबी सांभाळा. वडील ज्या गोळ्या घेत आहेत त्यांत बायोटिन (ब गटातलेच एक जीवनसत्त्व) आहे का ते वेष्टनावर वाचा. बायोटिनचे प्रमाण जास्त असेल तर काही यंत्रांवर थायरॉईडचा अहवाल चुकतो: टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटा जास्त येतो, म्हणजे मंदावलेली ग्रंथी कागदावर ठणठणीत दिसू शकते. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि प्रयोगशाळेलाही तसे सांगा. दुसरे, टीएसएच किंचितच वाढलेला आला, समजा ६ किंवा ७, तर ‘कारण सापडले’ म्हणून तिथे थांबू नका. एवढ्याशा बिघाडाने जीभ तोंडात न मावण्याइतकी वाढत नाही. त्याच्यावर हवे तर उपचार करा, पण शोध चालू ठेवा.

ॲक्रोमेगलीत मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ होते आणि वाढीचे संप्रेरक गरजेपेक्षा जास्त स्रवते. पिएर मारी या फ्रेंच डॉक्टरांनी १८८६ मध्ये या आजाराला हे नाव दिले. गाठ बहुधा कर्करोगाची नसते. बदल इतक्या संथ गतीने होतात की घरच्यांना दिसत नाहीत आणि निदानाला वर्षे लागतात. म्हणून मी रुग्णांना दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो आणायला सांगते आणि आजच्या चेहऱ्याशेजारी धरून बघते. नाक रुंद, भुवयांचे हाड पुढे, खालचा जबडा पुढे आलेला, दातांत नव्या फटी. अंगठी बोटातून निघत नाही, चपलेचे माप वाढलेले, घाम खूप, रक्तदाब आणि साखर चढी. यातले वडिलांना काही लागू पडते का ते आईला विचारा, तिला जास्त आठवेल. तपासणी आयजीएफ-१ या रक्तातल्या घटकाची. तो वाढलेला असेल तर ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून वाढीचे संप्रेरक खाली येते का ते पाहतात आणि मग पिट्युटरीचा एमआरआय करतात. बहुतेकांत नाकावाटे दुर्बिणीने गाठ काढणे हा पहिला उपचार. गाठ पूर्ण निघाली नाही तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडची इंजेक्शने देतात. संप्रेरक ताब्यात आले की जीभ आणि इतर मऊ ऊती बऱ्याच ओसरतात. वाढलेली हाडे मात्र मागे जात नाहीत.

तिसरा आजार अमायलॉइडोसिस. तो विरळ आहे, पण माझ्या मनात त्याची काळजी सर्वांत जास्त आहे, म्हणून त्याच्यावर जरा सविस्तर लिहिते. अस्थिमज्जेतल्या काही पेशी एका प्रथिनाचे अर्धवट तुकडे भरमसाट तयार करतात. त्यांना लाइट चेन म्हणतात आणि या प्रकाराला एएल. हे तुकडे चुकीच्या पद्धतीने दुमडतात आणि धाग्यांच्या रूपात हृदयात, मूत्रपिंडांत, नसांभोवती, मनगटात आणि जिभेत साठतात. एएल झालेल्या साधारण १० ते १५ टक्के लोकांचीच जीभ वाढते. पण प्रौढ वयात जीभ वाढून टणक झाली, तर सर्वांत आधी हाच आजार नाकारावा लागतो. थायरॉईडमधली जीभ बोटाला मऊ, फुगीर लागते. अमायलॉइडची जीभ कडक रबरासारखी लागते, दाबली तरी खळगा पडत नाही. कडांवर पिवळसर, मेणचट गाठी दिसतात, कधी आपोआप रक्ताचे फोड येतात. काहींच्या डोळ्यांभोवती जोराने खोकल्यावर किंवा डोळे चोळल्यावर जांभळे डाग उमटतात. ते दिसले तर तो योगायोग समजू नका.

वडिलांना आणखी काही विचारा. लघवीला फेस येतो का आणि तो टिकून राहतो का? पायांवर सूज? जिना चढताना पूर्वीपेक्षा जास्त दम? उभे राहताना चक्कर? प्रयत्न न करता वजन उतरले? विशेष म्हणजे, वर्षानुवर्षे चालू असलेली रक्तदाबाची गोळी अलीकडे जास्त लागू पडायला लागली आहे का, कमी करावी लागली आहे का? पुष्कळ लोक हे चांगले लक्षण मानतात. या आजारात मात्र रक्तदाब खाली येण्यामागे हृदय किंवा नसा असू शकतात.

तपासण्या तीन एकत्र सांगाव्या लागतात, कारण एकट्या-दुकट्या तपासणीत आजार निसटतो: रक्तातील फ्री लाइट चेन, रक्ताचे इम्युनोफिक्सेशन आणि लघवीचे इम्युनोफिक्सेशन (त्या पेशींनी तयार केलेले प्रथिन ओळखणारी तपासणी). नेहमीच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या पॅकेजमध्ये या सहसा नसतात, मागून घ्याव्या लागतात. सोबत लघवीतले प्रथिन, ईसीजी, हृदयाची इको आणि एनटी-प्रोबीएनपी (हृदयावरचा ताण दाखवणारी रक्ताची तपासणी). यांत काही सापडले तर ऊतींचा तुकडा लागतो. जिभेला भरपूर रक्तपुरवठा असतो आणि अमायलॉइडमध्ये रक्तस्रावाची भीती जास्त, म्हणून शक्यतो आधी पोटाच्या त्वचेखालची चरबी सुईने काढून आणि अस्थिमज्जा तपासून काम भागते का ते पाहतात. नमुन्यावर काँगो रेड हा रंग देऊन ध्रुवीकृत प्रकाशात तो हिरवा चमकला की अमायलॉइड पक्के. पुढे ते कोणत्या प्रथिनाचे आहे हेही ठरवावे लागते, कारण प्रकार बदलला की उपचार पूर्ण बदलतो. साठीनंतर बऱ्याच निरोगी लोकांच्या रक्तातही असे थोडे प्रथिन सापडते, म्हणून केवळ रक्ताच्या अहवालावर निदान करत नाहीत.

एएलचा उपचार रक्तविकारतज्ज्ञ करतात. डॅराटुमुमॅब, बोर्टेझोमिब, सायक्लोफॉस्फमाइड आणि डेक्सामेथासोन यांच्या एकत्रित उपचाराने लाइट चेन तयार करणाऱ्या पेशी आटोक्यात आणता येतात. काही जणांना स्वतःच्याच मूळ पेशींचे प्रत्यारोपण जमते. वेळेवर सुरू झालेल्या उपचाराने हृदय वाचते, हा मुद्दा जिभेपेक्षा मोठा आहे. जीभ फार हळू सुधारते, काहींची तेवढीच राहते. अमायलॉइडच्या जिभेवर शस्त्रक्रिया मी शक्यतो टाळते: रक्त थांबवणे कठीण जाते, जखम नीट भरत नाही आणि प्रथिन तयार होत राहिले तर जीभ पुन्हा वाढते.

आता मनगटाच्या शस्त्रक्रियेबद्दल. ती रद्द करा असे मी म्हणत नाही, नस फार दबली असेल तर ती करावीच लागते. पण हाताच्या सर्जनना जिभेबद्दल स्पष्ट सांगा. त्यांना बहुधा हे ठाऊकच नसेल. रक्ताच्या तपासण्या आधी करून घ्या. आणि त्यांना विनंती करा की बोगदा उघडल्यावर कंडऱ्यांभोवतीच्या आवरणाचा छोटा तुकडा काँगो रेड तपासणीसाठी पाठवा. जखम तर उघडलेलीच असते, वेगळा छेद लागत नाही आणि अनेकांचे अमायलॉइडचे निदान असेच लवकर झाले आहे.

रक्तदाबाच्या गोळीचे नाव तुम्ही दिलेले नाही. शेवटी ‘प्रिल’ येत असेल (रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल) तर तिच्यामुळे जीभ, ओठ, घसा सुजू शकतात, तेही गोळी कित्येक वर्षे बिनतक्रार घेतल्यानंतर. पण ती सूज काही तासांत येते आणि एक-दोन दिवसांत ओसरते. सात-आठ महिने हळूहळू वाढत जाणारी जीभ या गोळीची नव्हे. मधुमेहासाठी ग्लिप्टिन गटातली गोळीही चालू असेल तर अशा सुजेचा धोका वाढतो. म्हणून तुम्ही दोन्ही गोळ्यांची नावे डॉक्टरांना दाखवा. अशी सूज एकदा जरी येऊन गेली असेल तर ‘प्रिल’ गटातली कोणतीही गोळी पुन्हा घ्यायची नाही, रक्तदाबासाठी डॉक्टर दुसरी देतील. तशी सूज कधीच आली नसेल तर मात्र आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

अचानक येणाऱ्या सुजेबद्दल मात्र सर्वांनी लक्षात ठेवा. तासाभरात जीभ सुजली, आवाज बदलला, लाळ गिळता येईना, श्वास घेताना घरघर आली, तर फोटो काढत किंवा पित्ताची गोळी शोधत बसू नका. माणसाला बसते ठेवा, आडवे पाडू नका आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या. अंगावर गांधी उठून, चक्कर येऊन, दम लागून जीभ सुजली असेल तर ती तीव्र ॲलर्जी आहे आणि तिथे मांडीच्या स्नायूत दिलेले ॲड्रेनॅलिन जीव वाचवते. खाज किंवा गांधी न येता घरात अनेकांना अशी सूज येत असेल तर आनुवंशिक अँजिओएडेमा तपासावा लागतो. त्यात ॲलर्जीची नेहमीची औषधे चालत नाहीत. आणि बोलणे अचानक बोबडे होऊन तोंड एका बाजूला वळले किंवा एक हात लुळा पडला तर तो पक्षाघात आहे, तिथे जिभेची तपासणी करत बसायचे नसते.

एकाच बाजूची वाढ, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, हाताला लागणारी कडक गाठ, त्याच बाजूचा कान दुखणे, यांपैकी काही असेल तर हे सगळे बाजूला ठेवून त्याच आठवड्यात बायॉप्सी. तंबाखू असो वा नसो. तुमच्या वर्णनात दोन्ही कडा सारख्या दिसतात, म्हणून यावर जास्त लिहीत नाही.

घोरण्याकडे मात्र आजपासूनच लक्ष द्यायला हवे, कारणाचा शोध लागेपर्यंत थांबायचे नाही. रात्री पाठीवर झोपल्यावर मोठी जीभ मागे पडते आणि श्वासाची वाट बंद होते. आईला विचारा, घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो का आणि मग दचकून श्वास घेतात का? दिवसा बसल्या जागी डुलकी लागते का? तसे असेल तर झोपेची तपासणी करून सीपॅप यंत्राने (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारे यंत्र) रात्रीचा श्वास लगेच सुरक्षित करता येतो. तोवर कुशीवर झोपणे, डोक्याकडची बाजू उंच ठेवणे आणि झोपेच्या गोळ्या व दारू पूर्ण टाळणे. कोणत्याही शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा की जीभ वाढली आहे. तोंड उघडल्यावर पडजीभ आणि टाळू किती दिसतो यावरून ते १९८५ पासून वापरात असलेली मॅलमपाटी प्रतवारी लावतात. मोठ्या जिभेमागे घशात नळी घालणे अवघड जाते आणि त्याची तयारी आधीच करावी लागते. मनगटाचे काम जागेवर भूल देऊन होत असेल तर उत्तमच.

मग जीभ लहान करायची कधी? मूळ आजारावर उपचार होऊनही जीभ उरली आणि श्वास, खाणे, बोलणे किंवा जबडा यांना अडथळा राहिला, तर. हे काम बहुतेक लहान मुलांत करावे लागते. जिभेच्या टोकाचा पाचरीच्या आकाराचा भाग आणि मागे मध्यरेषेवरचा थोडा भाग काढून दोन्ही बाजू विरघळणाऱ्या टाक्यांनी थरांथरांत जोडतात. मध्यरेषेवरच काम करण्याचे कारण असे की मुख्य रक्तवाहिन्या आणि हालचाल-संवेदना देणाऱ्या नसा दोन्ही बाजूंना खोलवर असतात. त्या जपल्या तर चव आणि स्पर्श बहुतेकांचा टिकतो. टोक फार आखूड झाले तर बोलणे आणि ओठ चाटण्यासारख्या साध्या हालचाली बिघडतात, म्हणून किती काढायचे यापेक्षा किती ठेवायचे याचा विचार मी जास्त करते. पहिले दोन-तीन दिवस सूज वाढते, त्या काळात श्वासाची नळी ठेवावी लागू शकते आणि रुग्ण अतिदक्षता विभागात असतो. नंतर वाचा-उपचार लागतात. ‘अर्ध्या तासाचे काम’ असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

लहान मुलांचा विषय निघालाच आहे, तर जन्मतःच जीभ मोठी असणाऱ्या बाळांच्या आई-वडिलांसाठीही लिहिते. सर्वांत आधी थायरॉईड, कारण जन्मजात कमतरतेत पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले तर मेंदूची वाढ वाचते. लांबलेली कावीळ, घोगरे रडणे, बद्धकोष्ठ, बेंबीचा हर्निया या तिच्या खुणा. जीभ मोठी, कानाच्या पाळीवर घडी, बेंबीपाशी दोष, जन्मानंतर साखर कमी होणे किंवा शरीराची एक बाजू मोठी दिसणे, असे काही असेल तर बेकविथ-विडेमन सिंड्रोमचा विचार होतो. अशा मुलांना लहानपणी मूत्रपिंड आणि यकृताच्या गाठींचा धोका असतो, म्हणून साधारण सात-आठ वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. ती चुकवू नये, जीभ कितीही नीट झाली तरी. डाऊन सिंड्रोममध्ये जीभ बहुधा नेहमीच्याच आकाराची असते, तोंडाची पोकळी लहान आणि स्नायू सैल असतात. तिथे स्तनपानाला मदत, तोंडाच्या स्नायूंचे व्यायाम आणि वाचा-उपचार यांचा उपयोग जास्त. जिभेवर पाण्याने भरलेले बारीक फोड असतील आणि सर्दी-तापात ती सुजत असेल तर लसवाहिन्यांचा दोष असतो. त्यावर आता इंजेक्शनने वाहिन्या बुजवणे आणि सिरोलिमस हे औषध यांसारखे मार्ग आहेत, कापणे हा एकच नाही.

तुमच्या वडिलांसाठी क्रम असा ठेवा. या आठवड्यात एखाद्या फिजिशियनकडे जा आणि एकाच वेळी टीएसएच, फ्री टी-४, आयजीएफ-१, फ्री लाइट चेन, रक्ताचे आणि लघवीचे इम्युनोफिक्सेशन, लघवीतले प्रथिन व ईसीजी करून घ्या. जुने फोटो आणि सगळ्या गोळ्यांची वेष्टने सोबत न्या. त्याच सुमारास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून जीभ बोटाने तपासून घ्या आणि नाकातून दुर्बीण घालून जिभेमागची श्वासाची वाट पाहून घ्या. दाताच्या डॉक्टरांना धारदार कडा घासून द्यायला सांगा, म्हणजे चावण्याचा त्रास तरी आजच कमी होईल. ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या चालू ठेवून वाट पाहण्यात अर्थ नाही: बी-१२ च्या कमतरतेत जीभ लाल, गुळगुळीत आणि झोंबणारी होते, जे तुम्ही सांगितलेले नाही.

अहवाल आले की आकडे त्या प्रयोगशाळेच्या मर्यादांसह लिहा, नुसते ‘नॉर्मल’ नको. फ्री लाइट चेनमध्ये कॅपा, लॅम्ब्डा आणि त्यांचे गुणोत्तर असे तीन आकडे असतात, तिन्ही द्या, आणि सोबत क्रिएटिनिनही (मूत्रपिंडांचे काम दाखवणारा रक्तातला आकडा), कारण मूत्रपिंडे मंद असतील तर ते गुणोत्तर वेगळ्या मापाने वाचावे लागते. मनगटाच्या शस्त्रक्रियेची तारीखही कळवा. तुकडा पाठवण्याबद्दल सर्जन काय म्हणाले, ते मला त्या तारखेच्या आधी कळलेले बरे.